एकेचाळीस तासांची जवारी

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येतं. माहेरी कुपवाडला मी परसात बोलले की शेजारच्या म्हशी कान टवकारायच्या. लग्न होऊन मिरजेत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खैरून, आपल्या घरात आवाजाचं काम चालतं, जरा दमानं बोलत जा." मी दोन दिवस दमानं बोलले. तिसऱ्या दिवशी जमेना.

आवाजाचं काम म्हणजे तंबोरे. आमचे हे, दस्तगीर मिस्त्री, तंबोऱ्याला जवारी लावतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरनं जातात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीनं इतका हलका उतरता करायचा की छेडलेली तार तिला निसटती टेकत राहिली पाहिजे. त्या टेकण्यातनं आवाज फुलतो, खोली भरून उरतो. ती जवारी. केसभर इकडंतिकडं झालं की आवाज बंद, नुसती तार टणटणते. हल्ली पुण्याकडनं प्रिंटरवर छापलेले तंबोऱ्याचे भोपळे येतात, घोड्याही मशीनवर कापून येतात. सगळ्या सारख्या आणि सगळ्यांचा आवाजही सारखा. म्हणून ज्याला कान आहे तो अजून आमच्या दारात येतो.

आमच्यात बायका भोपळे घासतात, पॉलिश करतात, तारा गुंडाळतात. कानशीला हात लावत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही आणि मीही विचारलं नाही. ह्यांची बैठक पुढच्या खोलीत, माझं स्वयंपाकघर मागं, मधल्या भिंतीला एक झरोका. बेचाळीस वर्षं मी भाकरी थापता थापता त्या झरोक्यातनं ओरडत आले, "बंद आहे अजून!" कानस चालायची. मग तार वाजायची, आणि माझ्या तोंडातनं निघायचं, "उघडला!" की कानस खाली. "चहा टाक," एवढंच हे म्हणणार. वाहवा सगळी ह्यांची. मला त्याचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं होतं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोट, मग मनगट. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या झाल्या, त्यांनी चालणं बरं राहिलं, पण हात ऐकेना. तेव्हा धारवाडच्या गिरिजाबाईंची तंबोऱ्यांची जोडी कामाला होती. ऐंशीच्या बाई, सगळा जन्म गाण्यात गेलेला. जोडीतला एक तंबोरा पुरा झालेला, दुसऱ्याची जवारी राहिलेली. बाईंचा फोन यायचा, "मिस्त्री, दुसऱ्या कुणाचा हात लावू नका. मी थांबते." हे त्या तंबोऱ्याला रोज पुसायचे आणि परत कापडात गुंडाळून ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "खैरू, ही जोडी फुटकीच राहणार बघ." आणि रडले. बेचाळीस वर्षांत मी ह्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आमची एकुलती एक लेक तस्नीम पुण्यात गणित करते. शिकवते म्हणा, पण ती करते असंच म्हणते. तिचा विषय आवेगी अवकल समीकरणं. नाव ऐकून मला जांभई यायची. पण अब्बांचा हात बघून गेली आणि दीड वर्षानं एक पट्टा घेऊन आली, घड्याळाएवढा, मनगटाला बांधायचा.

"अम्मा, सोलरचा नळ आठव," ती म्हणाली. "पाणी गार लागतं म्हणून तू गरमचा नळ सोडतेस. पण गरम पाणी वरच्या टाकीतनं यायला वेळ लागतो. तोवर तू अजून सोडतेस. मग एकदम चटका बसतो."

"मग मी बंद करते, आणि परत गारढोण," मी म्हणाले.

"तेच अब्बांच्या हाताचं झालंय. मेंदूचा हुकूम हाताला उशिरा पोचतो. तोवर हात पुढं गेलेला. मग उलटा हुकूम, तोही उशिरा. म्हणून हात इकडं तिकडं, इकडं तिकडं. ह्याला आम्ही दोलन म्हणतो."

"मग पट्टा काय करणार? हुकूम लवकर पोचवणार?"

"ते नाही जमत. पण मधेच, नेमक्या क्षणी, नसेला एक बारीक टिचकी मारली तर हात उडी घेऊन दुसऱ्याच जागी जातो आणि तिथनं नव्यानं सुरुवात होते. टिचक्यांची वेळ बरोबर साधली तर दोलन राहतच नाही. ती वेळ काढायचं गणित माझं."

हे ऐकत बसले होते. म्हणाले, "मग बांध की! वाट कसली बघतेस?"

तिनं बांधला. काय सांगू तुम्हाला! समोर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला होता. ह्यांनी तो उचलला, प्यायले, खाली ठेवला. थेंब सांडला नाही. मी तोंडाला पदर लावला. पण तस्नीमचा चेहरा काही फुलला नाही.

"अब्बा, अजून एक आहे," ती म्हणाली. "आमच्यात पहिला प्रश्न उत्तर काय हा नसतोच. उत्तर आहे का, आणि किती वेळ आहे, हा असतो."

"म्हणजे घरात पीठ आहे का ते आधी बघायचं, भाकरी लहान का मोठी ते नंतर," मी म्हणाले.

"हां, तसंच. आणि पीठ थोडं आहे, अम्मा." तिनं कट्ट्यावरचं एक ताट घेतलं आणि फरशीवर सोडलं. टण्ण... टण्ण... टण, टण, टणटण, टर्रर्र, आणि गप्प. "ताटाचे ठोके कसे जवळ जवळ येत गेले? नसेला टिचकीची सवय होते, म्हणून पुढची टिचकी आधीपेक्षा लवकर द्यावी लागते. मग त्याच्या पुढची अजून लवकर. एका क्षणी सगळ्या एका जागी गोळा होतील, त्याच्या पलीकडं समीकरणाला उत्तरच नाही. पट्टा तिथं बंद पडेल, आणि परत बांधून उपयोग नाही. पुण्याला आले होते तेव्हा लॅबमध्ये अब्बांची नस आठ दिवस मोजली. एकेचाळीस तास निघतात."

ह्यांनी ताट उचलून कट्ट्यावर ठेवलं. मग हे म्हणाले, "एका जवारीला एकेचाळीस तास पुष्कळ झाले की गं."

पट्ट्यावर आकडा दिसायचा, किती तास उरले तो. तस्नीम जाताना मला बजावून गेली, "अम्मा, अब्बा कामाला बसले की घरात शांतता पाहिजे. लॅबमध्ये अगदी शांत होतं, तसंच इथं. मधे मधे बोलू नकोस. एकेक मिनिट मोलाचं आहे." मी मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. झरोक्याला उशी कोंबली. कुकर लावायचा बंद केला, पातेल्यात भात शिजवला. ह्यांचा हात राहावा म्हणून मी तोंड शिवून बसले.

हे रोज दोन तास बसायचे. गिरिजाबाईंच्या तंबोऱ्याला एकदम हात लावायचा धीर नव्हता, म्हणून आधी जुन्या घोड्यांवर हात बसवायला घेतला. एकेचाळीसचे एकोणचाळीस झाले, सदतीस झाले. हात कसा स्थिर, विशीतला असल्यासारखा. आणि आवाज? उशीतनंही मला कळत होतं. बंद. पहिली घोडी बिघडली. दुसरी बिघडली. चौथी फेकून दिली तेव्हा मी बाहेर आले. हे मनगट धरून बसले होते.

"टिचक्या आता लवकर लवकर येतात," म्हणाले. "आधी सहा मोजेपर्यंत एक यायची, आता चार."

"आणि जवारी?"

"आवाज आला, खैरू. आला आणि गेला. मी थांबलोच नाही."

"का नाही थांबलात?"

"काय माहीत," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता पट्टा सोडायला लागले.

आठवा दिवस. आकडा सत्तावीस. पाचवी घोडी. मी आत भाकरी थापत होते. उशीतनं कानस ऐकू येत होती, खर्र, खर्र, खर्र, आणि मधे वाजलेली ती मुकी तार. किती सोसायचं माणसानं? मी पिठाच्या हातानं उशी उपसून काढली.

"अहो, बंद आहे! ठार बंद आहे! काय भिंतीला चुना लावताय का?"

पलीकडं कानस थांबली. मी जीभ चावली. पोरीच्या गळ्याची शपथ मोडली होती. पण मग कानस परत सुरू झाली, वेगळीच, हलकी. तार वाजली. मी परत ओरडले, आता काय, मोडली ती मोडली. चारदा "बंद" म्हणाले असेन. आणि मग तो आवाज आला. तीन वर्षांनी आमच्या घरात तो आवाज आला.

"उघडला!" मी ओरडले.

"चहा टाक!" पलीकडनं आवाज आला.

चहा घेऊन गेले तर हे पट्ट्याकडं बघत होते. दोन तास काम झालं होतं आणि आकडा अजून सत्तावीसच. दुसऱ्या दिवशी दोन तास बसले, आकडा अठ्ठावीस. मी म्हणाले, "बिघडलं मेलं ते." तस्नीमला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर.

तिनं भिंतीवर एक पडदा टांगून त्यावर अब्बांच्या हाताची रेघ लावली. हात जसा हलेल तशी रेघ. पट्टा टिचकी मारायचा तिथं निळा ठिपका. हे कामाला बसले, मी आत गेले.

"ह्या कसल्या उड्या?" तस्नीम ओरडली. माझीच लेक, आवाज माझ्यावर गेलाय. "जुन्या नोंदीत बघा अब्बा, इथं निळा ठिपका नाही, पट्ट्यानं काही केलेलं नाही, तरी हात उडी घेऊन एकदम शांत होतो. आणि पुढच्या टिचक्या परत लांब लांब! हे कोण करतंय?"

"मशीन बिघडलंय," हे म्हणाले.

"मशीन नाही बिघडलं. घरातलं काहीतरी आहे." मग काय, पोरीनं घर डोक्यावर घेतलं. कुकरची शिट्टी करायला लावली. रेघ जागची हलेना. दार आपटून बघितलं, काही नाही. भंगारवाला भोंगा वाजवत गेला, त्याचं काही नाही. दुपारची अजान झाली, तेव्हाही रेघ आपल्या वाटेनं. पोरगी हैराण. मी मात्र शहाण्यासारखी गप्प होते, शपथ मोडल्याचं अजून सांगितलं नव्हतं.

पण ह्यांनी तार छेडली, आणि माझ्या तोंडाला काय कुलूप आहे?

"बंद आहे अजून!"

"अम्मा!" तस्नीम किंचाळली. मला वाटलं, आता ही मला धुणार. "अम्मा, परत ओरड!"

"मी ओरडते होय गं?"

"ओरड म्हणते ना!"

"काय ओरडू? दूध उतू गेलं!" मी ओरडले.

"नाही, काही नाही झालं. तेच म्हण जे आधी म्हणालीस."

"बंद आहे!"

"आता पण नाही. रेघ हललीच नाही."

"कशी हलेल?" मी झरोक्याशी तोंड नेऊन म्हणाले. "तुझ्या अब्बांनी तार कुठं छेडलीय? खोटं कसं म्हणू?"

हे माझ्याकडं बघेनात. मान खाली घालून त्यांनी दोन हात कानस मारली, तार छेडली. आवाज अजून दबलेला होता. "बंद," मी म्हणाले, ह्या वेळी हळूच. मी बाहेर येऊन पडद्याकडं बघितलं. रेघ उडी मारून खाली आली होती आणि संथ पडून होती.

तस्नीम पडद्यापाशी बसली. कितीतरी वेळ ती जुन्या नोंदी मागं पुढं करत होती. मग डोळे पुसायला लागली.

"मी अब्बांना एकट्याला मांडलं होतं, अम्मा. एकट्याचं उत्तर एकेचाळीस तासच होतं, ते गणित चुकलेलं नाही. पण अब्बा इथं एकटे नसतातच. पट्ट्याची टिचकी नसेच्या सवयीची होते. तुझी होत नाही, कारण तू कधी बोलशील हे कुणाला आधी कळत नाही, आणि तू खरंच ऐकून बोलतेस. प्रत्येक वेळी ताट परत वर उचलल्यासारखं होतं. आता ठोके गोळा होत नाहीत."

"म्हणजे उत्तर आहे?" ह्यांनी विचारलं.

"आहे, अब्बा. पुढं जाईल तितकं आहे. फक्त..." ती थांबली.

"फक्त ही असली पाहिजे," हे म्हणाले. "बोल की. मला ते गणित न शिकता माहीत आहे."

मी आत गेले आणि पीठ मळत बसले. पीठ मळून झालेलं होतं तरी मळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तस्नीम पुण्याला गेली. मी झरोका पुसत होते तर ह्यांनी हाक मारली. बैठकीसमोर माझ्यासाठी पाट मांडला होता. ह्यांच्या हातात कानस.

"धर," म्हणाले.

"अहो! बायका कानशीला हात लावत नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी नुसती उचलून ठेवली तर केवढे खेकसला होतात."

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

"आणि आता आली?"

"पोरीनं पुण्याहून आणून दिली," म्हणाले. मग हसू गेलं आणि हळू बोलले, "खैरू, पोरीनं हिशेब मांडला तो माझ्यापुरता. तू असेपर्यंत माझा हात. बरोबर आहे. पण मी आधी गेलो तर? तुझ्या कानाला कळलेलं काय भिंतीला ऐकवणार आहेस? तुझ्या हाताला पण काहीतरी पाहिजे. आणि गिरिजाबाईंची जवारी तू लावायचीस."

"वेड लागलंय का तुम्हाला! त्या तुमच्या हातासाठी थांबल्यात."

"त्या आवाजासाठी थांबल्यात. त्यांना मी काल फोन केला. म्हणाल्या, मिस्त्री, इतकी वर्षं फोनवर मागनं ओरडते ती बाई कोण, ते मी विचारणारच होते."

मी कानस धरली. ह्यांनी पट्टा बांधला आणि आपला हात माझ्या हातावर ठेवला. त्या हातातली बारीक टिचकी मला माझ्या बोटांत कळत होती. "दाबू नकोस," म्हणत होते. "भाकरी फिरवतेस तसं. भाकरीला काय दाबतेस?" तीन महिने चाललं हे. मी सतरा घोड्या वाया घालवल्या. ह्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मी मात्र रोज चढवला.

मग तो दिवस आला. गिरिजाबाईंचा तंबोरा कापडातनं निघाला. ह्यांनी जोडीतला पहिला शेजारी ठेवला, कानाला माप म्हणून. मी पाटावर बसले. मला वाटलं, हे समोर बसतील. तर हे उठले, मनगटाचा पट्टा सोडून कोनाड्यात ठेवला आणि मागं चालू लागले.

"कुठं निघालात? माझा जीव इथं पाणी पाणी झालाय!"

"चहा टाकतो," म्हणाले.

आत कपबशा वाजायला लागल्या. बिन पट्ट्याचा हात, त्यात चहा. साखरेचा डबा पडला, मी ऐकलं. उठावंसं वाटलं, उठले नाही. घोडीच्या माथ्यावरनं हलका हात फिरवला, तार छेडली.

"बंद आहे अजून!" झरोक्यातनं आवाज आला. ह्यांचा आवाज बारीक, पण आला.

माझं मलाही कळत होतं. परत कानस, परत तार.

"बंद!"

"माहीत आहे!" मी ओरडले.

"मग थांबलीस कशाला? चालू दे!"

तासभर गेला असेल. आत चहा उकळून उकळून काढा झाला असणार. मी अगदी सुतासारखा एक हात मारला, फुंकर घालून भुगा उडवला, तार छेडली. आणि आवाज उघडला. शेजारचा जोडीतला तंबोरा कुणी न छेडता आपोआप गुणगुणायला लागला. मला स्वच्छ कळलं, की झालं. ह्यापुढं एक हात जरी मारला तरी बिघडणार.

तरी मी कानस खाली ठेवली नाही. तशीच हातात धरून झरोक्याकडं बघत बसले. तार पुन्हा छेडली, आणि वाट बघितली.

तेव्हा मला एकदम समजलं, की बेचाळीस वर्षं ह्यांनाही माझ्या आधी कळत असणार. रोज कळत असणार. आणि हेही असेच कानस धरून बसत असणार.

"उघडला!" हे ओरडले. आतनं कपबशा वाजतच होत्या.

मी कानस खाली ठेवली. "आणा चहा," म्हणाले.